श्यामरावांचे चाळीस मिलिमीटर

खुर्ची चांगली होती, हे श्यामराव गभणेही मान्य करत. हात टेकायला दांड्या, पाठीला जाळी, खाली जाड उशी. धनंजयने ती मुद्दाम भंडाऱ्याहून आणवली होती आणि तुमसरच्या आपल्या वर्कशॉपच्या गेटजवळ, कडुनिंबाच्या सावलीत मांडली होती.

"काका, बसून तर पाहा," तो म्हणाला.

श्यामराव बसले. बसल्याबरोबर त्यांना वाटलं, आता फक्त हार घालायचा बाकी आहे.

"इथी बसून आवक-जावक लिहाची. कोण आलं, कोण गेलं, कोणता माल निघाला. तुमची नजर राहीन सगळ्याइवर."

"आन लेथ?"

"लेथ कोपऱ्यात ठेवू ना. भंगारात थोडी देऊन राहिलो! पण दिवाळीनंतर सीएनसी येऊन राहिली काका. कॉम्प्युटरवाली. तिच्यावर शिकलेला माणूस लागन."

या वर्कशॉपमध्ये राइस मिलचे सुटे भाग बनतात. शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, बुश म्हणजे तो ज्यात फिरतो ते भोकाचं नळकांडं, पुली, असं सगळं. श्यामराव इथे चौऱ्याऐंशी सालापासून लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवत होते. धनंजय तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे तो रांगायला लागला तेव्हा लेथखालचे लोखंडाचे कीस तोंडात घालायचा आणि श्यामराव ते बोटाने काढायचे. आता तोच पोरगा मालक होता, चौतीस वर्षांचा होता, आणि मनापासून त्यांचं भलं करू पाहत होता. त्यामुळे तर त्याला नाही म्हणणं जास्तच कठीण होतं.

पण श्यामरावांच्या तोंडून निघून गेलं, "मी शिकतो."

धनंजय म्हणाला, "काका, मोबाइलवर फोटो आला तर तुम्ही माह्याकडून उघडून घेता."

"हाव. तरी शिकतो."

"बरं. भंडाऱ्याले क्लास हाय, तीन महिन्याचा. शेवटी परीक्षा. पास झाले तर मशीन तुमची. नाही झाले तर मंग..." त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

श्यामराव मूळचे नाकाडोंगरीचे. बापाची तळ्याखाली धानाची शेती. तीन भावांत हे मधले, आणि बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणा लावायला उतरले की यांची ओळ हमखास वाकडी. बायका हसायच्या. बाप हसायचा नाही, नुसता त्यांना बांधावर उभं करायचा. एकविसाव्या वर्षी चिखल्याच्या खाणीच्या ट्रकवरच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने त्यांना तुमसरला आणून सोडलं. शेतात जे सरळ जमलं नाही ते लेथवर जमलं, कारण लेथवर सरळ जाण्याचं काम लेथच करते. हे श्यामराव स्वतःच सांगत.

बाकी कोणत्याही बाबतीत त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता. मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर दोन शब्द बोलायचे होते, ते पाणी प्यायला म्हणून गेले ते वरात निघेपर्यंत आलेच नाहीत. दुकानात सुटे पैसे कमी मिळाले तर आपलंच मोजणं चुकलं असेल म्हणून परत यायचे. फक्त एका गोष्टीत त्यांची मान ताठ असायची. माप. म्हाताऱ्या शेठने, म्हणजे धनंजयच्या वडिलांनी, एकोणनव्वद साली त्यांना एक मायक्रोमीटर दिला होता, पंचवीस ते पन्नास मिलिमीटरचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं ते यंत्र ते लाकडी पेटीत, तेल लावलेल्या फडक्यात ठेवायचे. "माह्यापेक्षा त्या पेटीले जास्त जपते," असं उषाबाई, म्हणजे त्यांची बायको, सगळ्या नातेवाइकांना सांगत असे. श्यामराव ती तारीफ समजत.

या मापाच्या जोरावर त्यांनी आयुष्यात एकदाच एका माणसाला चारचौघांत बोल लावला होता. वीरेंद्र नावाचा फिटर. मोहाडीकडच्या एका मिलमध्ये नोकरीला. तेरा वर्षांपूर्वी त्याने जुन्या बुशऐवजी नागपूरहून विकतचं बेअरिंग आणलं आणि ते श्यामरावांच्या शाफ्टवर जाईना. "शाफ्ट जाड हाय," तो वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाला. श्यामरावांनी सगळ्यांसमोर पेटी उघडली, शाफ्टला मायक्रोमीटर लावला. बरोबर चाळीस. "तुहं नागपूरचं बेअरिंग लहान हाय. आधी मायक्रो पकडाले शिक, मंग बोल." लोक हसले. त्या दिवसापासून वीरेंद्रचं नाव पडलं नागपुरी. तो नंतर कधी वर्कशॉपच्या आत आला नाही. शाफ्ट न्यायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचा. श्यामरावांना वाईट वाटायचं, पण खरं ते खरं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. तेव्हापासून त्यांच्या खणात पॉलिश पेपरची एक पट्टी असायची, खास नागपूरच्या बेअरिंगांसाठी. कुणी बेअरिंग घेऊन आलं की ते शाफ्ट घासून द्यायचे आणि वर नागपूरच्या लोकांवर टीका करायचे.

तर ही एवढी शिदोरी घेऊन श्यामराव सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला गेले.

क्लासच्या दारात एक पंचविशीची मुलगी रजिस्टर घेऊन उभी होती. "काका, पालकांनी तिकडे बाकावर बसा. मुलाचं नाव काय?"

"श्यामराव गभणे."

"आणि तुमचं?"

"तेच."

मुलीने रजिस्टर पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा रजिस्टर पाहिलं. "सॉरी काका. या, या. मी गुंजन. मीच शिकवते."

श्यामराव तेव्हापासून तिला मॅडम म्हणू लागले. वर्गात चौदा जण होते आणि तेरा जणांच्या मिळून दाढ्या श्यामरावांच्या एकट्याच्या दाढीएवढ्या भरल्या नसत्या. शेजारी बसणारा निकेश पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, तुम्ही चाळीस वर्षं लेथ चालवली? मंग आमच्यासंग परीक्षा कायले देता? आमचा नंबर खाली जाईन ना!"

दोन आठवड्यांत निकेशची ती काळजी मिटली.

अडचण अशी होती की श्यामरावांना जे येत होतं ते इथे कोणी विचारत नव्हतं. लेथवर ते हाताने चाक फिरवायचे, कानाने ऐकायचे, टूल चांगलं कापतंय की रडतंय हे त्यांना आवाजावरून कळायचं. इथे मशीनला दार होतं. दार लावल्याशिवाय ती सुरूच होत नसे. आत दुधासारखं पांढरं पाणी काचेवर उडायचं आणि श्यामराव बाहेर उभे, दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे असतात तसे. मशीनला काय करायचं ते आधी लिहून द्यावं लागे, ओळीमागून ओळ. जी झिरो झिरो म्हणजे मोकळ्या जागेतून धावत जा. जी झिरो वन म्हणजे कापत, बेताने जा. श्यामरावांनी पहिल्या प्रोग्राममध्ये या दोघांची अदलाबदल केली. पडद्यावरच्या खोट्या मशीनवर होतं म्हणून बरं. टूल धावत जाऊन लोखंडात घुसलं, पडदा लाल झाला, आणि श्यामराव खरोखर दोन पावलं मागे उडाले. पोरं हसली. श्यामरावही हसले, पण त्यांची बनियन पाठीला चिकटली होती.

"काका, मशीन तुमचं मन ओळखत नाही," गुंजन म्हणाली. "जे लिहिलं तेच करते. तेवढंच करते."

हे नीट समजावं म्हणून श्यामरावांनी रविवारी दुपारी घरी प्रयोग केला. पाटावर लाटणं ठेवलं. लाटणं म्हणजे जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा. उषाबाईच्या हातात सुरी दिली. सुरी म्हणजे टूल. उषाबाई म्हणजे मशीन.

"मी सांगतो तसंच कर. आपल्या मनानं काही करू नको."

"लग्न झाल्यापासून तेच करून राहिली."

"सुरी उजवीकडे ने. एक वीत. सरळ."

उषाबाईने सुरी उजवीकडे नेली. एक वीत. सरळ. वाटेत दह्याचं भांडं होतं, ते आडवं झालं आणि दही पाटावरून खाली निघालं.

"दही दिसलं नाही का वो?"

"दिसलं ना. तुम्हीच म्हणले, आपल्या मनानं काही करू नको."

श्यामरावांनी दही पुसता पुसता वहीत लिहिलं: वाटेत काय आहे ते आधी पाहावं. सोमवारी गुंजनला ते सांगितलं, तर ती इतकी खूश झाली की तिने त्यांना तो किस्सा वर्गापुढे उभं राहून सांगायला लावला. ते उभे राहिले. लाटण्यापर्यंत आले, सुरीपर्यंत आले, आणि दह्याच्या भांड्यापाशी त्यांचा आवाजच बसला. उरलेलं निकेशने सांगितलं आणि टाळ्याही त्यालाच मिळाल्या.

तरी हळूहळू जमत गेलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर ते प्रोग्राम लिहायचे. एसटीत बसून ओठातल्या ओठात ओळी म्हणायचे. शेजारची बाई एकदा सरकून बसली. ती बहुधा त्यांना मांत्रिक समजली असावी. तिसऱ्या महिन्यात गुंजनने खऱ्या मशीनवर काम द्यायला सुरुवात केली. आणि इथे श्यामरावांची छाती फुगली, कारण इथे मोजमाप आलं.

काम असं असायचं. आधी मशीनवर जॉबचा थोडासा थर काढायचा. मग तिथला व्यास मोजायचा आणि तो आकडा मशीनला सांगायचा. मशीन त्या एका आकड्यावर विश्वास ठेवते आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवते. पोरं क्लासचा मायक्रोमीटर आलटून पालटून वापरायची. श्यामरावांनी खिशातून आपली पेटी काढली, फडकं उलगडलं, आणि जॉब मोजला. पोरं बघत राहिली. श्यामरावांनी मुद्दाम जरा हळू मोजला.

पाहिजे होता चाळीसचा शाफ्ट. मशीन थांबली, दार उघडलं. श्यामरावांनी मोजला, बरोबर चाळीस. गुंजनने क्लासच्या मायक्रोमीटरने मोजला.

"काका, पाच शतांश जास्त आहे."

पाच शतांश म्हणजे डोक्यावरच्या एका बारीक केसाएवढं. पण परीक्षेत दोन शतांशाच्या वर चूक झाली की नापास.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. श्यामरावांच्या मापाने चाळीस, मॅडमच्या मापाने पाच शतांश जास्त. तिसऱ्या दिवशी तेच. परीक्षेला सहा दिवस होते. रोज एसटीतून उतरून घरी जाताना श्यामरावांना ती खुर्ची दिसे, कडुनिंबाखाली, उशीवर पानं पडलेली. आणि तिसऱ्या दिवशी हा आयुष्यभर कोणाशी वर तोंड करून न बोललेला माणूस वर्गात मोठ्याने म्हणाला, "मॅडम, तुमचा मायक्रो खराब हाय. पोट्ट्यांनी पाडला असन. माहा पस्तीस वर्षांचा हाय."

पोरांनी माना वळवून पाहिलं. गुंजनला राग आला नाही. तिने कपाटातून एक छोटी पेटी काढली आणि तीतून बोटाच्या पेराएवढी एक चकचकीत कांडी. "हा पंचवीसचा स्टँडर्ड. हा बरोबर पंचवीस असतो, म्हणूनच बनवतात." तिने आपला मायक्रोमीटर लावला. पंचवीस. "आता तुमचा द्या."

चोवीस पॉइंट पंच्याण्णव.

श्यामराव म्हणाले, कांडी पुसा. तिने पुसली. त्यांनी स्वतःच्या हाताने लावला. मग मायक्रोमीटर पुसला. मग चष्मा पुसला. पुसण्यासारखं आणखी काही उरलं नाही, आणि आकडा चोवीस पॉइंट पंच्याण्णवच राहिला.

"काका, हा कधी पडला होता का?" गुंजनने हळू विचारलं.

पडला होता. शहाण्णव साली. लाइट गेली होती आणि अंधारात कोपर लागून तो लेथवरून फरशीवर पडला होता. श्यामरावांनी उचलला, पुसला, कपाळाला लावला, आणि पेटीत ठेवला. कपाळाला लावल्यावर तपासायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तुमचा स्टँडर्ड कुठाय? यासोबत मिळतो ना एक."

तो कुठे होता हे श्यामरावांना पक्कं माहीत होतं. लेथच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं होतं, तेव्हा बूच म्हणून त्यांनी स्वतःच तो ठोकून बसवला होता. गळती थांबली होती. ते काम अजूनही मजबूत होतं.

"हरवला," ते म्हणाले.

"एका मिनिटात सेट करून देते, छोटा पाना आहे माझ्याकडे."

"राहू द्या मॅडम."

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. आधी त्यांना वाटलं, अठ्ठावीस वर्षांचा सगळा माल चुकीचा! मग वाटलं, मग तक्रार कशी नाही आली? वरठी गाव मागे पडेपर्यंत उत्तर सापडलं, आणि ते तक्रारीपेक्षा वाईट होतं. शाफ्ट त्यांनी या मायक्रोमीटरने मोजला. बुशचं भोकही कॅलिपर नावाच्या चिमट्याने घेऊन याच मायक्रोमीटरवर मोजलं. शाफ्ट एक केस जाड, भोक एक केस मोठं. दोघं एकमेकांत छान बसत. तुमसर-मोहाडीच्या मिली एका माणसाच्या चुकीवर फिरत होत्या, आणि उत्तम फिरत होत्या. बाहेरून आलेलं बेअरिंग तेवढं बसत नसे, कारण ते बरोबर असे. आणि त्या बेअरिंगला ते नावं ठेवत. नागपूरच्या साऱ्या लोकांना ते नावं ठेवत. आणि वीरेंद्रला...

बस मोहाडीच्या स्टँडवर थांबली तेव्हा श्यामरावांनी मान खाली घातली, जणू वीरेंद्र तिथे त्यांची वाटच पाहत उभा असावा.

परीक्षेत त्यांनी क्लासचा मायक्रोमीटर वापरला. शंभरपैकी एकाहत्तर. निकेशला अठ्ठ्याऐंशी. गुंजनने पेढा दिला आणि विचारलं, "काका, तुमच्या मायक्रोचं काय केलं?" श्यामरावांनी पेढा तोंडात असल्याचं निमित्त केलं.

कोणालाच सांगितलं नाही. उषाबाईलाही नाही. धनंजयने सर्टिफिकेट पाहून त्यांना मिठी मारली, तेव्हा तर सांगणं आणखीच अशक्य झालं. अठ्ठावीस वर्षं चुकीचं मोजणाऱ्या माणसाला कोण नव्या मशीनवर उभं करील? धनंजय भला होता, पण भोळा नव्हता. आणि खुर्ची तिथेच होती.

मशीन आली, बसली, सुरू झाली. आठवडाभर नवीन कामं निघाली, परगावच्या मिलची, ज्यांत सगळं विकतचं बेअरिंग. सगळं मापात. धनंजयने एक आकडे दाखवणारा नवा मायक्रोमीटर आणला होता आणि नियम केला होता की प्रत्येक पहिला जॉब तो स्वतः मोजणार.

मग एका गुरुवारी वीरेंद्र आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा वर्कशॉपच्या आत. केस पांढरे झालेले, खांद्यावर वाकलेला शाफ्ट, हातात पिशवी.

"अर्जंट हाय," तो धनंजयला म्हणाला. श्यामराव दोन हात अंतरावर उभे होते, पण तो त्यांच्याकडे बघणंही टाळत होता. "धान पडून हाय मिलमध्ये, कोणी यायले रिकामं नव्हतं. चाळीसचा शाफ्ट. बुश चांगलं हाय, दोन वर्षांआधी इथूनच नेलं. हे पाहा, संग आणलं. तुमच्या काकाले सांगा, आज पाहिजे."

"काका, आज पाहिजे," धनंजयने श्यामरावांना सांगितलं.

"सांग त्याले, होईन," श्यामराव धनंजयला म्हणाले.

बुश त्यांनी ओळखलं. त्यांच्याच हातचं, भोक एक केस मोठं. त्यात खरा चाळीसचा शाफ्ट घातला तर तो आत खेळणार, मिल सुरू झाली की खडखडणार, आणि लोक म्हणणार, नागपुरीला फिटिंग येत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धनंजय फोनवर होता. श्यामरावांनी पडद्यावर एका चौकटीत गुपचूप पाच शतांश वाढवले, दार लावलं आणि बटन दाबलं. काही झालंच नाही असा चेहरा करायचा प्रयत्न केला. तो चेहरा त्यांना कधीच जमत नसे.

जॉब निघाला. धनंजयने मायक्रोमीटर लावला. पुन्हा लावला.

"काका, पाच जास्त हाय."

"किती म्हणले?" वीरेंद्र पुढे आला.

"पाच शतांश. जाड हाय शाफ्ट."

वीरेंद्र मोठ्याने हसला. "तेरा वर्षांआधी मी याच जागी उभा राहून तेच म्हणत होतो बाप्पा! तेव्हा मलेच मायक्रो पकडता येत नव्हता."

"काका, चुकलं का काही?" धनंजयने विचारलं. "परीक्षेत तर बरोबर काढला होता."

सुटायला वाट होती. आकडा चुकला म्हणायचं, पाच काढायचे, दुसरा शाफ्ट करायचा. तो मापात येईल, धनंजय खूश, मशीन आपली. खडखड होईल ती मोहाडीकडे, आणि ती वीरेंद्रच्या नावावर जमा होईल.  श्यामरावांनी हात पँटला पुसले.

"मुद्दाम केला," ते म्हणाले. आणि मग थांबता येईना. मायक्रोमीटर पडल्याचं सांगितलं, कपाळाला लावल्याचं सांगितलं, टाकीच्या बुचाचंसुद्धा सांगितलं, जे खरं म्हणजे सांगायची गरज नव्हती. बोलताना ते मशीनकडे पाहत होते.  धनंजयने एकदा गेटकडे नजर टाकली. श्यामरावांनी ती नजर पाहिली आणि मनातल्या मनात आवक-जावकची वही उघडली.

"दुसरा काढा," धनंजय म्हणाला. "बरोबर चाळीस. पाहू तर खरं."

काढला. नव्या मायक्रोमीटरवर चाळीस, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. वीरेंद्रने तो बुशमध्ये घातला आणि हलवला. कटकट आवाज आला. मग त्याने पहिला घातला, तो जाड. शाफ्ट तुपात बोट जावं तसा आत गेला आणि हाताने फिरवला तर बिनआवाज फिरत राहिला.

"म्हणजे तुमच्या काकाचं चूक ते बरोबर, आन माहं बरोबर ते चूक?" वीरेंद्र म्हणाला. अजूनही धनंजयलाच.

"नाही," श्यामराव म्हणाले. या वेळी त्याच्याकडे पाहून. "तुहं बरोबरच होतं. मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांत सांगतो. चूक माही होती."

तिथे एकूण तिघंच होते. पण श्यामरावांना तेवढेही खूप झाले.

वीरेंद्र शाफ्ट फिरवत राहिला. "तेरा वर्षं झाले, मी कोणतंबी माप दोनदा घेतो," तो म्हणाला. "माह्या हातावर माहाच भरोसा नाही राहिला. पोट्टे हसतात मले."

"दोनदाच घेत जा," श्यामराव म्हणाले. "मी एकदा घेत होतो."

वीरेंद्रच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढंच.

धनंजय इकडे खोक्याचा पुठ्ठा आणि पेन घेऊन बसला होता. "काका, तुमच्या मापाच्या किती मिली हायेत? नावं सांगा."

श्यामरावांनी सांगायला सुरुवात केली. मोहाडी, करडी, आंधळगाव, सिहोरा. कोणत्या मिलमध्ये शाफ्ट त्यांचा आणि बुशही त्यांचं, कुठे शाफ्ट त्यांचा पण बेअरिंग विकतचं आणि म्हणून घासलेला, कुठे शहाण्णवच्या आधीचं जुनं काम, म्हणजे बरोबर. सगळं तोंडपाठ. पुठ्ठा भरला, धनंजयने उलटा केला, तीही बाजू भरली.

"बस काका," तो म्हणाला. डोक्याला हात लावून त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं. "उद्या एखादा आयटीआयवाला या मशीनवर उभा केला तर तो सगळ्याइले खरं चाळीस देईन. अर्ध्या तालुक्याच्या मिली खडखडतीन, आन लोक माह्या दारात येतीन. तुम्हाले गेटवर बसवून मी काय करू? कोणाले जगाचं चाळीस पाहिजे आन कोणाले तुमचं, हे तिथून ओरडून सांगान का?"

श्यामरावांना कळेना, ही शिक्षा आहे की बक्षीस.

"मशीनवर तुम्हीच राहा. पण दोन प्रोग्राम बनवा, वेगवेगळे. लपूनछपून आकडे वाढवाचे नाहीत. आन माप माह्या मायक्रोनं घ्याचं, तुमच्या नाही."

"हाव," श्यामराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं याहून फार जास्त बोलणी बसतील. थोडी कमीच पडली, असंही वाटलं.

खऱ्या चाळीसचा प्रोग्राम होताच. दुसरा बनवायला फार वेळ लागला नाही. प्रोग्रामच्या माथ्यावर, मशीन वाचत नाही पण माणूस वाचतो अशी एक ओळ लिहायची सोय असते. कशाचा प्रोग्राम आहे ते तिथे लिहायचं.

"जुनं माप, असं लिहितो," श्यामराव म्हणाले.

"जुनं कायले?" वीरेंद्र मागून म्हणाला. "तुमचं नाव लिहा ना. माहं नाव तर तुम्ही बिनकंप्युटरचं ठेवलं होतं."

धनंजय हसू दाबायला पाठमोरा झाला. श्यामरावांनी मान हलवली. ते बरोबरच होतं. मशीनला मराठी येत नव्हती, तेव्हा इंग्रजी अक्षरं शोधणं आलं. एस सापडला. एच सापडला. वाय काही केल्या दिसेना.

"हे काय खाली," वीरेंद्रने त्यांच्या खांद्यावरून हात घालून बोट लावलं. "लवकर करा बाप्पा, धान पडून हाय माह्या मिलमध्ये."

"झालं, झालं," श्यामराव म्हणाले, आणि पुढचं अक्षर शोधू लागले.